अकरा बटणांचा कोट

"आक्का, आज पुरे," बायको म्हणाली आणि मिस्त्रीच्या बोटातला बारका स्क्रू निसटून फरशीवर कुठंतरी गेला. तसं त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. पुरे हा शब्द घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचा. पण आवाज ओळखीचा होता. ऐन शिवणीत सुई मोडली की ती अशी बोलायची. ओरडणं नाही, चिडणं नाही, नुसता पायडलवरचा पाय उचलायचा आणि कापड बाजूला सारायचं. मिस्त्री खिडकीशी, बायकोच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाठ करून बसला होता, मांडीवर कुणाच्या तरी फ्रीजचा थर्मोस्टॅट उघडून. रविवारी चारला तो असाच बसायचा, कारण त्या पडद्यावरच्या गेमकडं दोन मिनिटं बघितलं की त्याला मळमळायचं. चाळीस वर्षं शिडीवर चढून, पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर अर्धा लोंबकळून लोकांचे एसी बसवले, कधी डोळे फिरले नाहीत. पण आपली खुर्ची जागेवर आणि समोरची जमीन पळतेय, हे काही त्याच्या पोटाला पटायचं नाही. म्हणून तो गेम नुसता ऐकायचा. घोड्याच्या टापा, गवतातला वारा, आणि दोन बहिणींची न संपणारी कटकट.

"अगं धाकटे, एकदा अजून मार की उडी," स्पीकरमधून आक्का म्हणाली. "मी इथं पलीकडं ताटकळत उभी आहे."

"नको. घोडा पडतोय सारखा."

"त्याला काय लागतंय? चित्रातला घोडा तो."

"मला लागतंय," बायको म्हणाली, आणि कॉम्प्युटरचं मशीन बंद केलं. मग खुर्चीतच बसून राहिली, काळ्या पडद्यात स्वतःला बघत. मिस्त्री गुडघ्यावर बसून स्क्रू शोधत होता. वर न बघता म्हणाला, "परत अडलं का मशीन? दाखवतो दुकानात." ती म्हणाली, "मशीन नाही हो अडत. मीच अडते." स्क्रू सापडला होता, चपलेपाशी. पण तो उठलाच नाही लगेच. गुडघे दुखतात असं सोंग करून तसाच बसून राहिला, कारण उठलं असतं तर तिच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.

तीन रविवार हेच चाललं होतं. त्या गेममध्ये म्हणे एक खोल दरी आहे, दरीवर मोडका पूल आहे, आणि पुलाच्या मधे जी फट आहे ती घोड्यावरून उडी मारून पार करायची. आक्का पहिल्या झटक्यात पार झाली. आक्का म्हणजे बायकोची मोठी बहीण, अडुसष्ट वर्षांची, आठ तासांच्या रस्त्यावर लेकाकडं राहणारी. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. जिना उतरणं बंद होऊन तीन वर्षं झाली. नातवानं तिला हा गेम शिकवला आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, "अगं धाकटे, इथं मला चालता येतंय." एवढंच बोलली. त्या महिन्यात मिस्त्रीच्या घरात मशीन आलं. लोकांची बायको दागिन्यासाठी हटून बसते, माझी ग्राफिक कार्डासाठी, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. सांगताना छाती वीतभर पुढं. आणि मग दर रविवारी दोघी बहिणी त्या भल्यामोठ्या मुलखात हिंडायच्या. लढाया वगैरे काही नाही; घोडा मधेच अडला तरी थांबायचं, गप्पा मारायच्या. राक्षस दिसला की आक्का म्हणायची, "चल, याला वळसा घालू, मेल्याला काही कामधंदा नाही." तळ्याकाठी घोडे उभे करायच्या आणि दिवंगत मावशीच्या सुनेला नावं ठेवायच्या. लहानपणी शाळेच्या वाटेवर एक उघडा नाला होता, मोठ्या मुलीच उडी मारून जायच्या. आक्का आधी जायची, पलीकडं उभी राहून दप्तर खाली टाकायची आणि दोन्ही हात पुढं करायची. म्हणायची, मी आहे. बायकोनं ही गोष्ट लग्न झाल्यापासून शंभरदा सांगितली असेल. दरी लागल्यापासून मात्र एकदाही नाही.

अडण्याचं मिस्त्रीला तसं काही वाटलं नसतं. यंत्र आहे, अडणारच. यंत्रं अडली नसती तर त्याची चूल कशावर पेटली असती. पण सहा महिन्यांपूर्वी एका दुपारी बायको टेबलाशी उभी होती, समोर शाळेच्या गणवेशाचं कापड, खडूच्या रेघा मारलेल्या, हातात उघडी कात्री. आणि ती कात्री चालेचना. गॅसवरचा चहा उतू गेला तरी ती तशीच. त्यानं विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, कुठून कापायचं तेच गेलं डोक्यातून." डॉक्टरनं सगळं तपासलं, सगळं ठीक म्हणाला, वयानं होतं कधीकधी म्हणाला. घरी येताना दोघं रिक्षात वेगवेगळ्या बाजूला बघत बसले होते. वयानं होतं हे मिस्त्रीला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत होतं. आईचं असंच सुरू झालं. "अरे, ते आण रे, ते..." आणि थांबायची. आधी एक शब्द गळला, मग अख्खी वाक्यं गळायला लागली, आणि शेवटच्या वर्षी ती सकाळी त्याच्याकडं बघून विचारायची, "मिस्त्री आलात का? फ्रीज बघा बाबा आमचा, माझा मुलगा कामावर गेलाय." पहिल्या दिवशी तो न्हाणीघरात जाऊन रडला. दुसऱ्या दिवसापासून पाना-पक्कड घेऊन आईचा चांगला चालणारा फ्रीज रोज उघडायचा, रोज लावायचा, आणि म्हणायचा, "झाला बघा आजी, आता वर्षभर बघायला नको." ती खुश व्हायची. चहा द्यायची, आणि म्हणायची, माझा मुलगापण असाच आहे, हाताला गुण आहे त्याच्या. तेव्हापासून हे अडणं, मधेच थांबणं, पुढचं न सापडणं मिस्त्रीच्या कानाला लागलं की त्याचा हात आपोआप पाना शोधायचा.

तर तो सोमवारी मशीन घेऊन दुकानात गेला. आधी त्याचा कोट काढला. कोटाचं सांगायला पाहिजे. त्यांच्या घरात कुठल्याही वस्तूला उघडं बसायची परवानगी नव्हती. फ्रीजला झगा, मिक्सरला टोपडं, इस्त्रीला पिशवी, रिमोटला बनियन. आलागेला हसायचा, बायको म्हणायची, हसा, तुमच्या घरची धूळ बघितलीय मी. मशीन आलं त्या दिवशी तिनं मेजरटेप काढली आणि त्या काळ्या खोक्याचं गिऱ्हाइकासारखं माप घेतलं. खांदा, छाती, उंची. मधे एकदा "नीट उभा राहा" असंही म्हणाली त्याला. एका वकिलाच्या सुटाचं राखाडी कापड उरलेलं होतं, जड, भारी. त्याचा तिनं कोट शिवला. आतून अस्तर. कडेला पायपिंग. वायरींना जिथं बाहेर यायचं तिथं काजं, बटण दाबायचं तिथं झाकण, आणि मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत अकरा बटणं. असा कोट त्या वकिलाच्या अंगावरपण बसला नसेल. मिस्त्री दोन पावलं मागं सरून म्हणाला होता, "फिटिंग झक्कास." त्यानं स्वतःच्या तोंडानं हे म्हटलं होतं. तर सोमवारी त्यानं ती अकरा बटणं काढली, कोट घडी करून तिच्या टेबलावर ठेवला आणि उघडं मशीन कडेवर घेऊन निघाला.

दुकानातली मुलगी अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचून हिंडायची. मिस्त्रीला ती त्याच्यामुळंच आवडायची; अवजार अंगावर वागवणारं माणूस खोटं बोलत नाही असं त्याचं ठाम मत. तिनं मशीन उघडून टेबलावर आडवं केलं. "काका, गेम भारी आहे हा. एकेक गवताचं पातं वेगळं हलतं यात. हे जे मोठं धूड आहे ना, कार्ड, हे चित्रं काढतं. सेकंदाला साठ. साठ निघाली की घोडा पळतो. वीसच निघाली की घोडा अडखळतो. घोडा तोच, चित्रं कमी." मिस्त्री म्हणाला, "मग कार्ड दमलंय?" ती म्हणाली, "कार्ड दणकट आहे. पण एकटं कार्ड काय करेल? त्याला माल वेळेवर पोचायला पाहिजे. काकू शिवतात ना? ही डिस्क म्हणजे कपाट. तुमचं कपाट जुनं, फिरतं, दार उघडायलाच वेळ. ही रॅमची काडी म्हणजे टेबल, कापड पसरायला. तुमचं टेबल एवढंसं. सारखं कापड गुंडाळ, कपाटात ठेव, दुसरं काढ." मिस्त्रीला ते झटकन पटलं. शाळेत कुठल्या मास्तरनं त्याला असं सांगितलं असतं तर तो सातवीत पळाला नसता. तिनं नवी डिस्क घातली, दुसरी काडी घातली, अर्धा तास गेम चालवून दाखवला. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. "काका, लोण्यासारखा चाललाय," ती म्हणाली. घरी येऊन त्यानं मशीन जागेवर ठेवलं, कोट चढवला, अकरा बटणं एकेक करून लावली, आणि बायकोला म्हणाला, "बस आता. टेबल मोठं केलंय तुझं."

आणि पुढच्या रविवारी गेम खरंच झपकन उघडला. बायको म्हणाली, "अगंबाई," आणि आक्का म्हणाली, "आज लवकर कशी गं आलीस, नवऱ्याला उपाशी ठेवलंस काय?" मिस्त्री पाठ करून हसला. टापा वाजत होत्या, वारा वाहत होता. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्याच्या हातात पाना होता पण तो काही करत नव्हता, नुसते कान मागं लावून बसला होता, कॉम्प्रेसरच्या आवाजात कुठं खोट आहे ते ऐकावं तसे. मग पूल आला. टापा जोरात. आणि मग तो आवाज, घोडा दरीत जाण्याचा. एकदा. परत एकदा. तिसऱ्यांदा. "आता मशीन नवं झालं," बायको हळू म्हणाली, "तरी तेच. पडदा थांबतो की माझं डोकं थांबतं, मला कळतच नाही हो." मिस्त्री म्हणाला, चहा टाकतो.

त्या आठवड्यात तो तिच्यावर पाळत ठेवायला लागला. लाज वाटत होती, पण डोळे जायचेच. सुईत दोरा कितव्यांदा जातो. काजं सरळ येतात का. मिठाचा डबा परत त्याच जागी जातो का. सहज विचारल्यासारखं विचारायचा, आपण पहिल्या खोलीत राहायचो त्या घरमालकाचं नाव काय गं? आक्काच्या लेकाचा फोन नंबर काय? ती सांगायची, शिवता शिवता, मान वर न करता. तिसऱ्या दिवशी तिनं पायडल थांबवलं. "मला परीक्षेला बसवलंय का तुम्ही?" तो म्हणाला, "छे, माझ्याच लक्षात राहत नाही हल्ली." ती म्हणाली, "तुमच्या लक्षात कधी राहिलं होतं? लग्नाच्या दिवशी माझ्याऐवजी आक्काच्या शेजारी जाऊन बसला होता." दोघं हसले. पण हसू आधी तिचं थांबलं, आणि ती म्हणाली, "अहो, मी सासूबाईंसारखी झाले तर माझ्यापुढं फ्रीज दुरुस्त करायचं सोंग नका करू. मला ओळखू येईल ते खोटं आहे म्हणून." मिस्त्रीनं दिलं काहीतरी उत्तर. काय दिलं ते त्याला नंतर आठवेना, आणि आठवेना म्हणून तो स्वतःलाच घाबरला.

मशीन परत दुकानात. परत कोट काढून, परत उघडं कडेवर. मुलीनं तासभर चालवलं. एकदाही अडलं नाही. तिनं अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर काढला, डोकं खाजवलं, परत खोचला. "काका, मशीन ठणठणीत आहे. चालवतं कोण?" त्यानं सांगितलं. तिनं कीबोर्ड पुढं ओढला. मग म्हणाली, "असं करते, पडद्याच्या कोपऱ्यात आकडा लावून देते. हिरवा. सेकंदाला किती चित्रं निघाली ते दाखवेल. साठच्या आसपास असला म्हणजे मशीन बरं. अडलं आणि आकडा पडला, तर दोष मशीनचा, कधीही घेऊन या. पण अडलं आणि आकडा साठच असला, तर मग..." तिनं पुढचं म्हटलं नाही. चांगल्या घरची मुलगी. मिस्त्री मशीन घेऊन रस्त्यानं चालला तेव्हा त्याला ते आधीपेक्षा जड वाटत होतं, आणि या खेपेला तर त्यात कुणी काही घातलंही नव्हतं. साठ चित्रं. त्याला वाटलं, आईची कितीवर आली असतील शेवटी? दिवसाला एक? त्या एका चित्रात तो फ्रीजपाशी बसलेला, हातात पाना. तेवढं एक तरी निघत होतं.

मग त्यानं काय करावं? कोट चढवला, बटणं लावली, आणि आठ दिवस मशीनच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. सगळ्यात सोपी तपासणी कुठली, हे काय त्याला कळत नव्हतं? चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना तो सांगत आला, तपासल्याशिवाय बोलू नका, आधी प्लग लावून बघा, मग नशिबाला दोष द्या. आपण स्वतः बसायचं, घोडा चालवायचा, आकडा बघायचा. पण मळमळतं. आणि मळमळत नसतं तरी तो बसला नसता. कारण आपण बसलो आणि घोडा अडलाच नाही, तर? तोवर दोन्ही शक्यता घरात नांदत होत्या, मशीन आणि बायको, आणि तो दोघांच्या मधून अंग चोरून वावरत होता. तिनं रविवारी आक्काला निरोप दिला की डोळे दुखतायत. मशीनकडं बघायचीही नाही. कोट घातलेलं ते खोकं कोपऱ्यात एखाद्या पाहुण्यासारखं बसून असायचं, ज्याला या म्हणालं कुणी, आणि मग सगळे उठून आत गेले.

मंगळवारी आक्काचा फोन आला, तोही त्याच्या फोनवर. "मिस्त्री, एकटे आहात का? खरं सांगा. धाकटीला काही झालंय का?"

"काही नाही आक्का. डोळे दुखतायत."

"मला शिकवू नका. मागं तिनं मला फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली."

"तुम्ही एकच गोष्ट चारदा सांगता."

"माझं सोडा हो, मी जन्मापासून तशीच." मग तिचा आवाज खाली आला. "महिना झाला मी त्या कड्यावर उभी आहे. नातू म्हणतो, आजी पुढं जा, पुढं केवढं गाव आहे, समुद्र आहे. मी म्हटलं, मी नाही जात. ती येणार आहे. येईल ना हो?"

तो म्हणाला, येईल. फोन ठेवल्यावर त्याला कळलं की आपण आता शब्द देऊन बसलो.

बुधवारी दुपारी बायको गणवेशांचा गठ्ठा पोचवायला गेली. मिस्त्रीनं दाराला कडी लावली, पायाशी बादली ठेवली, न जाणो, आणि खुर्चीत बसला. तिच्या उशीवर, तिच्या उंचीला जमवलेल्या. घोडा सुरू झाला आणि लगेच झाडावर आपटला. मागं घेतला, तर तळ्यात गेला. त्याचं पोट ढवळायला लागलं. मग त्यानं युक्ती केली, जमिनीकडं बघायचंच नाही, कोपऱ्यातला हिरवा आकडा तेवढा बघायचा; आकडा जागचा हलत नव्हता. साठ. एकोणसाठ. साठ. घोडा कुठं चाललाय ते घोड्यालाच माहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आकडा अठ्ठावन्नाच्या खाली येईना. मिस्त्रीच्या कपाळावर घाम आला, तो मळमळीचा नव्हता. आयुष्यात त्यानं कधी यंत्र बिघडावं म्हणून प्रार्थना केली नव्हती. आता करत होता. पड की रे, तो म्हणाला, पड बाबा, एवढ्या वर्षांत तुमच्या जातीची किती सेवा केली, एकदा माझ्यासाठी पड. साठ. बाहेर कुणीतरी स्कूटर लावली. साठ. त्याला ती न्हाणीघरातली सकाळ आठवली. साठ. एकोणसाठ. चोपन्न. त्यानं डोळे चोळले. एक्केचाळीस. सत्तावीस. एकोणीस, आणि घोडा एक पाय हवेत घेऊन उभाच राहिला, जसा काही पुढचं पाऊल कुठं टाकायचं तेच डोक्यातून गेलं त्याच्या.

मिस्त्री हसायला लागला. बादलीवर पाय आपटून, एकट्यानं, दाराला कडी लावून हसला. मग हसता हसता सवयीनं हात पुढं गेला, तापलेल्या यंत्रावर चाळीस वर्षं जातो तसा, आणि कोटावर टेकला. नुकत्याच इस्त्रीखालून निघालेल्या कापडासारखा कोट गरम होता. हसू तिथंच थांबलं. मग वाकून त्यानं एक बटण काढलं, दुसरं काढलं, आणि पाचव्या बटणाला आतली हवा त्याच्या तोंडावर अशी आली की त्यानं तोंड मागं घेतलं. अकराही काढली. कोट उचलला. पंखा आत जीव खाऊन फिरत होता. आकडा बघितला, सव्वीस. थोड्या वेळानं अडतीस. बावन्न. साठ.

आता या माणसाला काय म्हणावं? किती घरांत जाऊन त्यानं किती लोकांना झापलं असेल, बाई, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढं ओढा, बाई, जाळीवरचं फडकं काढा, यंत्रालाही श्वास लागतो. जो गारवा देतो तो आधी उष्णता बाहेर टाकतो, हे त्याच्या रक्तात होतं. आणि स्वतःच्या घरात दर खेपेला दुकानातून आणून स्वतःच्या बोटांनी बटणं लावली. कारण तो कोट त्याला दिसतच नव्हता. तो मशीनवर नव्हताच त्याच्या लेखी. तो तिचा होता, तिच्या हाताचा, तिच्या दोऱ्याच्या वासाचा, घराच्या भिंतीसारखा. भिंतीचा संशय कोण घेतो?

कडी वाजली तसं त्यानं हातात कोट घेऊनच दार उघडलं. बायको दारात, घामेजलेली, रिकामी पिशवी हातात. तिनं आधी बादली बघितली, मग उघडं मशीन, मग त्याच्या हातातला कोट. "काय चाललंय?" मिस्त्रीनं तोंड उघडलं. दोष तुझ्यात नाही, हे सांगायचं. पण दोष तुझ्या शिवणीत आहे, हेही त्यातनंच निघत होतं, आणि त्या शिवणीला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. तो म्हणाला, "आतला पंखा ढिला होता. घट्ट केला." तिनं पिशवी खाली ठेवली, त्याच्या हातातून कोट घेतला, आणि गिऱ्हाइकानं परत आणलेला कपडा बघावा तसा उलटा करून अस्तरातून हात फिरवला. एका जागी हात थांबला. अस्तर तिथं पिवळं पडून आखडलं होतं. तिनं नाकाशी नेऊन वास घेतला. मग उघड्या मशीनकडं बघितलं, मागच्या जाळीकडं, आणि कोटाच्या मागच्या अकरा काजांकडं.

"अहो," ती म्हणाली, "याचं नाक मी मागून शिवून टाकलं होतं की."

"पंखा ढिला..."

"गप्प बसा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, सासूबाईंना चालून गेलं म्हणून काय झालं." आणि ती खाली बसली, कोट मांडीवर घेऊन. तिचे खांदे हलायला लागले. मिस्त्री घाबरला, पण ती हसत होती. "म्हणजे मी नाही," ती म्हणाली.

"तू नाहीस."

"मीच की. कोट कुणी शिवला?"

"बटणं मी लावली," मिस्त्री म्हणाला. "प्रत्येक वेळेला. आणि वर फिटिंग झक्कास म्हणालो." तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "बादली कशाला?" त्यानं सांगितलं. मग उठून तिनं बादली जागेवर नेऊन ठेवली, आणि जाताना त्याच्या डोक्यावर टपली मारल्यासारखा हात ठेवला. तो हात जरा जास्तच वेळ राहिला.

त्याच दिवशी तिनं कोटाची पाठ उसवली. अख्खी. बटणं डब्यात टाकली, कडेला नवी पट्टी लावली. "आता नुसता मशीन झोपल्यावर घालायचा, आणि तरी पाठ उघडी," ती म्हणाली, "या वयात एवढी फॅशन चालेल त्याला."

रविवारी चार वाजता मशीन खिडकीशी आलं, भिंतीपासून मोजून वीतभर पुढं. मिस्त्रीच्या हातात ना पाना ना थर्मोस्टॅट. तो तिच्या शेजारी स्टुलावर बसला, एक हात मशीनच्या मागं. जाळीतून गरम हवा तळव्यावर येत होती, सरळ, एकसारखी, न अडता. "आलीस गं धाकटे," आक्का म्हणाली. बायको म्हणाली, "अजून नाही आले. थांब तिथंच." पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. हवा येत होती. टापा जोरात वाजायला लागल्या आणि मिस्त्रीनं मान वळवून पडद्याकडं बघितलं. पहिल्यांदा त्यानं ते सगळं बघितलं. गवत, एकेक पातं, मोडका पूल, आणि पलीकडं एका घोड्यावर कुणीतरी ताठ बसलेलं, महिनाभर न हललेलं. फट आली. घोडा उचलला गेला, आणि हवेतच इतका वेळ राहिला की मिस्त्रीला वाटलं, गेला, परत थांबला. पण तळव्यावर हवा येतच होती, आणि घोडा थांबला नव्हता, नुसता जात होता, चित्रामागून चित्र.

टापा परत जमिनीवर वाजल्या. मग आक्का नाक ओढत म्हणाली, "किती वेळ लावलास गं. कुठं थांबली होतीस?"

"कोट काढत होते," बायको म्हणाली. "अंगात कोट घालून उडी मारता येत नाही, आक्का."

"कसला कोट?"

"सांगते. आधी समुद्र कुठंय ते दाखव."

दोन घोडे शेजारी शेजारी निघाले. मिस्त्रीला चांगलंच मळमळत होतं. त्यानं मान वळवली नाही.